परदेशातून गाडी आणायची? मग हिशेब उलट्या टोकाकडून मांडा

परदेशातल्या एखाद्या विक्रेत्याच्या पानावर हवी तशी गाडी दिसते. रंग तोच, इंजिन तेच, किलोमीटर कमी, आणि किंमत आपल्या देशातल्या तशाच गाडीच्या निम्मी. मग कागद-पेन घेऊन हिशेब सुरू होतो: गाडीची किंमत, अधिक बोटीचं भाडं, अधिक कस्टम. तीन ओळी, खाली बेरीज, आणि बेरीज तरीही स्वस्तच दिसते.

हा हिशेब फसतो, कारण तो गाडीपासून सुरू झालेला असतो. या सगळ्या व्यवहारात गाडीची किंमत हा एकच आकडा पहिल्या दिवशी पक्का असतो. पुढचे आकडे एकमेकांवर चढत जातात आणि सर्वांत मोठे, सर्वांत अनिश्चित खर्च अगदी शेवटी, गाडी बंदरात उभी असताना समोर येतात. तेव्हा मागे फिरता येत नाही. म्हणून माझा आग्रह असतो की हिशेब नंबरप्लेटपासून सुरू करावा आणि मागे मागे येत गाडीपाशी संपवावा. खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने आहेत.

पहिली पायरी: ही गाडी पासिंग होईल का?

अनेक देशांत गाडीच्या वयाची अट असते, आणि ती दोन्ही दिशांनी असू शकते. केनियात ८ वर्षांपेक्षा जुनी गाडी आणता येत नाही. अमेरिकेत नेमकं उलट: तिथल्या सुरक्षा मानकांनुसार न बनलेली गाडी २५ वर्षं पूर्ण झाली की त्या मानकांतून सुटते, कॅनडात १५ वर्षांनी. म्हणजे एकाच गाडीला एक देश ‘म्हातारी झाली’ म्हणून अडवतो आणि दुसरा ‘अजून लहान आहे’ म्हणून. अमेरिकेतले वय मॉडेल वर्षावरून मोजत नाहीत, गाडी बनल्याच्या तारखेवरून मोजतात. दोन महिने आधी पोचलेली गाडी दोन महिने आधीच पोचलेली असते, आणि तेवढे दिवस ती कुठेतरी भाडं भरत उभी राहते किंवा परत पाठवावी लागते.

वयात बसली तर पुढचा प्रश्न फेरफारांचा. इथे लोक ‘किरकोळ’ हा शब्द फार लवकर वापरतात. हेडलाइटचंच बघा. डावीकडून वाहतूक असलेल्या देशातल्या गाडीचा प्रकाशझोत डाव्या कडेला थोडा वर उचललेला असतो, म्हणजे रस्त्याची कड दिसते. तीच गाडी उजवीकडून चालणाऱ्या देशात नेली की तो उचललेला झोत थेट समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो. जुन्या गाडीत काच आणि बल्ब बदलून भागायचं. आजच्या एलईडी दिव्यांत बऱ्याचदा अख्खं युनिट बदलावं लागतं, दोन्ही बाजूंचं, आणि बऱ्याच गाड्यांत नव्या युनिटची ओळख गाडीच्या संगणकाला करून द्यावी लागते. अमेरिकी गाडी युरोपात नेली तर मागचे लाल इंडिकेटर चालत नाहीत, पिवळेच लागतात. म्हणजे दिवा बदला, वायरिंग बदला. मैलांचा स्पीडोमीटर किलोमीटरमध्ये आणा, मागचा फॉग लॅम्प नसेल तर बसवा, धुराची चाचणी द्या. त्यानंतर एका गाडीपुरती मान्यता देणारी स्वतंत्र तपासणी असते, तिची फी वेगळी. नापास झालात तर फेरतपासणीचीही.

याचा अंदाज घरी बसून येत नाही. नेमक्या त्याच मॉडेलचं काम आधी केलेल्या वर्कशॉपला फोन करा आणि ‘साधारण किती’ असं न विचारता सुट्या भागांची यादी मागा. यादी देता आली नाही तर त्याने ते काम केलेलं नाही असं समजा.

जपानच्या देशांतर्गत बाजारातल्या गाड्यांची एक खास गंमत आहे. जगात बहुतेक ठिकाणी चासी क्रमांक १७ अक्षरांचा असतो; तिथल्या गाड्यांवर त्याहून आखूड क्रमांक असतो. सतरा चौकोनांच्या फॉर्ममध्ये तो बसत नाही. विमा कंपनीची संगणकप्रणाली तो नाकारते, आणि मग पॉलिसी हाताने तयार करणारी, बहुधा महागडी कंपनी शोधावी लागते. विम्याचा हप्ता गाडी घेण्याआधी विचारा, नंतर नव्हे.

याच पायरीत नोंदणी कर येतो. अनेक ठिकाणी खरा डोंगर हाच असतो, आयातशुल्क त्यापुढे टेकडी. डेन्मार्कमध्ये नोंदणी कराचा वरचा टप्पा १५० टक्क्यांचा आहे. सिंगापूरमध्ये गाडी बाळगण्याचा १० वर्षांचा हक्कच बोलीत विकत घ्यावा लागतो, आणि तो अनेकदा मूळ गाडीपेक्षा महाग पडतो. ऑस्ट्रेलियात ठरावीक मर्यादेपलीकडच्या किमतीवर ३३ टक्के चैन-गाडी कर लागतो. तुमच्या देशात असलं काही आहे का, हे कस्टमच्या पानावर सापडेलच असं नाही. ते परिवहन खात्याच्या पानावर असतं.

दुसरी पायरी: कर, आणि करावरचा कर

आता मुख्य गणित. ते एकदा नीट समजलं की कोणत्याही देशाचे दर त्यात टाकता येतात.

गाडीची किंमत १०० धरू. ती विक्रेत्याच्या दारातून बंदरापर्यंत आणणं आणि तिथले कागद ५, बोटीचं भाडं १३, विमा २. बेरीज १२०. या आकड्याला सीआयएफ म्हणतात: किंमत, विमा आणि भाडं मिळून. युरोपीय संघासह बहुतेक देश शुल्क याच १२० वर लावतात, १०० वर नाही. अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया समुद्री भाडं वगळून शुल्क काढतात. पण ऑस्ट्रेलियात पुढचा वस्तू-सेवा कर काढताना ते भाडं परत आत येतं.

समजा शुल्क १० टक्के आणि त्यावर मूल्यवर्धित कर २० टक्के. १२० वर शुल्क १२, झाले १३२. आता २० टक्के या १३२ वर लागतात: २६.४. एकूण १५८.४. म्हणजे ‘१० आणि २०’ ऐकून मनात ३० टक्के धरलेले असतात, प्रत्यक्षात मूळ किमतीच्या ३८.४ टक्के कर जातो. आणि अजून बंदर, एजंट, वर्कशॉप, नंबरप्लेट काहीच मोजलेलं नाही.

शुल्क १०० टक्के असलेल्या देशात हेच गणित बघा. १२० वर १२०, झाले २४०, त्यावर २० टक्के म्हणजे ४८, एकूण २८८. इथे एक गोष्ट लक्षात येते जी एजंट सहसा सांगत नाहीत. भाड्यातला प्रत्येक १ रुपया शेवटी २ रुपये ४० पैसे होऊन तुमच्याकडे येतो. जास्त शुल्काच्या देशात भाड्याची घासाघीस गाडीच्या किमतीच्या घासाघिशीइतकीच मोलाची ठरते.

दर शोधताना वर्गीकरण क्रमांक बघावा लागतो. जगभर वापरल्या जाणाऱ्या शुल्क-वर्गीकरणात प्रवासी गाड्या ८७०३ खाली आणि मालवाहू ८७०४ खाली येतात. पिकअप किंवा मागच्या सीट काढलेली व्हॅन कुठे बसते यावर दर उलटापालटा होतो. अमेरिकेत हलक्या ट्रकवर १९६४ पासून २५ टक्के शुल्क आहे, आणि त्याचं मूळ गाड्यांत नसून कोंबड्यांत आहे: युरोपने अमेरिकी कोंबड्यांवर शुल्क वाढवलं म्हणून अमेरिकेने बटाट्याचा स्टार्च, ब्रँडी आणि ट्रक यांवर वचपा काढला. बाकीचं बरंचसं मिटलं, ट्रकवरचं शुल्क राहिलं. उलट बाजूला सवलतही असते. ३० वर्षांहून जुनी, मूळ स्थितीतली, उत्पादन बंद झालेली गाडी युरोपीय संघात संग्राह्य वस्तू म्हणून ९७०५ खाली येऊ शकते, आणि मग आयातशुल्क लागत नाही. इंजिन बदललेली किंवा हौसेने सजवलेली गाडी मात्र ही सवलत गमावून बसते.

मुक्त व्यापार कराराची सवलत सांगणारे पुष्कळ भेटतात. ती गाडी कुठे बनली यावर मिळते, कुठून विकत घेतली यावर नाही. जर्मन बोधचिन्ह असलेली गाडी भलत्याच खंडात बनलेली असू शकते. शिवाय उगमाचा दाखला लागतो, आणि तिसऱ्या मालकाकडून घेतलेल्या गाडीचा तो मिळवणं जवळजवळ अशक्य असतं.

घर हलवताना स्वतःची गाडी सोबत नेणाऱ्यांसाठी बऱ्याच ठिकाणी वेगळे नियम आहेत. युरोपीय संघात बाहेरून राहायला येणाऱ्याला शुल्कमाफी मिळू शकते: किमान १२ महिने संघाबाहेर वास्तव्य, गाडी किमान ६ महिने स्वतःच्या वापरात, आणि आणल्यावर १२ महिने विकायची नाही. यात बसत असाल तर वरचं सगळं गणित बदलतं. मात्र अर्ज आधी करायचा असतो, गाडी बंदरात आल्यावर आठवण होऊन उपयोग नाही.

बिलावर किंमत कमी दाखवण्याचा सल्ला कोणीतरी देईलच. ऐकू नका. कस्टमला बिल नाकारण्याचा अधिकार असतो आणि तुलनेसाठी त्यांच्याकडे हजारो व्यवहारांची नोंद असते. काही देश तर बिल बाजूलाच ठेवतात: केनियात नव्या गाडीच्या विक्रीमूल्याच्या सरकारी यादीतून वयाप्रमाणे घसारा वजा करून किंमत धरतात. अशा ठिकाणी तुम्ही गाडी कितीही स्वस्तात मिळवली तरी कर यादीप्रमाणेच.

विनिमय दरही कस्टमचा स्वतःचा असतो, तुमच्या बँकेचा नाही. आणि शुल्काचा दर तुम्ही गाडी घेतली त्या दिवशीचा लागेल याची खात्री नाही. एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेने प्रवासी गाड्यांवर २५ टक्के जादा शुल्क लावलं, ते जाहीर होण्यापासून लागू होण्यापर्यंत जेमतेम आठवडा गेला. बोटीला समुद्र ओलांडायला त्याहून जास्त दिवस लागतात.

तिसरी पायरी: बंदर, म्हणजे दिवसांचा खर्च

बंदरातला खर्च दोन जातींचा. एक ठरलेला: टर्मिनलची हाताळणी, डिलिव्हरी ऑर्डर (माल ताब्यात देण्याची बोट कंपनीची चिठ्ठी), कागदपत्रांची फी, क्लिअरिंग एजंटची फी. ही यादी एजंटकडून लेखी घ्या आणि ‘प्रत्यक्ष खर्चानुसार’ असं लिहिलेल्या प्रत्येक ओळीवर बोट ठेवा. त्या ओळींतच पैसे जातात.

दुसरा खर्च दिवसांचा. गाडी किंवा कंटेनर उतरल्यावर काही दिवस फुकट मिळतात, मग जागेचं भाडं सुरू होतं आणि ते बहुधा टप्प्याटप्प्याने वाढतं. सुट्टीचे दिवसही मोजले जातात. माझ्या ओळखीतल्या एका माणसाची गाडी गुरुवारी उतरली. पैसे तयार, एजंट तयार, कर भरायची तयारी. पण मूळ बिल ऑफ लेडिंग, म्हणजे बोट कंपनीने दिलेली मालाची मूळ पावती, अजून कुरिअरमध्ये होती. विक्रेत्याने बोट सुटल्यावर दहा दिवसांनी ती टाकली होती. पावती नाही तर डिलिव्हरी ऑर्डर नाही, ऑर्डर नाही तर गाडी नाही. मध्ये शनिवार-रविवार, मग पुढे एक सुट्टी. तारेच्या कुंपणापलीकडे गाडी दिसत होती आणि रोजचा मीटर चालू होता. यावर इलाज सोपा आहे: विक्रेत्याला सुरुवातीलाच ‘टेलेक्स रिलीज’ किंवा ‘सी वेबिल’ मागा, म्हणजे मूळ कागदावाचून माल सुटतो. मात्र त्याआधी विक्रेत्याला पूर्ण पैसे हवे असतात, त्यामुळे हे अनोळखी विक्रेत्याशी करायचं की नाही हा तुमचा निर्णय.

कस्टमने तपासणीसाठी गाडी बाजूला काढली तर कंटेनर हलवण्याचा, उघडण्याचा, पुन्हा भरण्याचा खर्च आयातदारावर. आणि मग आहे माती. शेती जपणारे देश गाडीकडे वाहन म्हणून कमी आणि मातीचं वाहक म्हणून जास्त बघतात. चाकावरच्या कमानीत वाळलेला चिखल, रेडिएटरच्या जाळीत अडकलेल्या बिया, स्टेपनीच्या खड्ड्यातली पानं, गालिच्याखालची वाळू: यातलं काही सापडलं तर सफाई त्यांच्या माणसांकडून, त्यांच्या दराने. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये एका तपकिरी ढेकण्या किड्यासाठी सप्टेंबर ते एप्रिल असा हंगामच ठरलेला आहे. त्या काळात ठरावीक देशांतून निघालेल्या गाड्यांना उष्णता देऊन किंवा धुरी देऊन मगच आत घेतात. ऑस्ट्रेलियात जुन्या गाडीच्या ब्रेक किंवा गॅस्केटमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस नसल्याचा पुरावाही मागतात. निघण्याआधी गाडी उचलून खालून वाफेने धुवून घेणं आणि फोटो काढून ठेवणं यावर जाणारा पैसा मी कधीच वाया गेला असं मानत नाही.

चौथी पायरी: बोट आणि विमा

गाडी दोन प्रकारांनी जाते. रो-रो बोटीत ती चालवत आत नेतात आणि पट्ट्यांनी बांधतात. भाडं घनमीटरवर, म्हणजे लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची. ४.५ मीटर लांब, १.८ रुंद, १.५ उंच गाडी १२.१५ घनमीटर भरते. छतावरची ३० सेंटीमीटरची सामानपेटी तशीच ठेवली तर सगळी गाडीच १.८ मीटर उंच धरली जाते आणि भाडं २० टक्क्यांनी वाढतं. पेटी काढा. आत सामान भरून पाठवायचा मोह टाळा. बहुतेक रो-रो कंपन्या ते चालू देत नाहीत, आणि गाडीच्या किल्ल्या वाटेत बऱ्याच हातांतून जातात.

कंटेनर महाग, पण बंद. वीस फुटी कंटेनरची आतली लांबी सुमारे ५.९ मीटर आणि रुंदी २.३५. १.८५ मीटर रुंद गाडी आत नेली की दोन्ही बाजूंना पंचवीस-पंचवीस सेंटीमीटर उरतात. दार उघडत नाही, चालवणारा खिडकीतून बाहेर येतो. चाळीस फुटीत दोन-तीन गाड्या मिळून नेल्या तर खर्च वाटला जातो, पण मग सगळ्यांचे कागद एकाच दिवशी तयार असावे लागतात. एकाची फाइल अडकली की कंटेनर अडकला. इलेक्ट्रिक गाडी बॅटरीमुळे धोकादायक मालात मोडते. काही कंपन्या ती घेतच नाहीत, घेणाऱ्या किती चार्ज ठेवायचा ते सांगतात.

विम्यावर कंजूषी होते, आणि मला ती सगळ्यात जास्त खटकते. विक्रेता सीआयएफ भाव देतो तेव्हा ‘विमा आहेच’ असं वाटतं. पण आंतरराष्ट्रीय व्यापार-अटींनुसार सीआयएफमध्ये विक्रेत्याला फक्त किमान दर्जाचा विमा, मालविम्याचा ‘सी’ प्रकार, काढणं बंधनकारक आहे. बोट बुडाली, आग लागली तर तो चालतो. चोरी, ओरखडा, चढवताना चेपलेला दरवाजा त्यात येत नाही. सर्वांत व्यापक असा ‘ए’ प्रकार मागा, किंवा भाव एफओबी, म्हणजे भाडं आणि विमा सोडून बोटीवर चढवेपर्यंतचा, घेऊन विमा स्वतः काढा. रक्कम सीआयएफच्या ११० टक्के ठेवण्याची रीत आहे.

बोट बुडणं ही लांबची गोष्ट वाटत असेल तर फेब्रुवारी २०२२ आठवा. फेलिसिटी एस ही जवळपास ४,००० गाड्या नेणारी बोट अझोर्स बेटांजवळ पेटली आणि मार्चच्या पहिल्या दिवशी बुडाली. त्याहून विचित्र प्रकार म्हणजे सामायिक हानी. बोट संकटात सापडली आणि ती वाचवायला खर्च झाला तर तो खर्च मालाच्या सगळ्या मालकांनी वाटून द्यायचा, ज्यांच्या मालाला धक्का लागला नाही त्यांनीही. मार्च २०२१ मध्ये एव्हर गिव्हन ही कंटेनर बोट सुएझ कालव्यात अडकली तेव्हा बोटीच्या मालकांनी हेच जाहीर केलं. विमा असलेल्यांची हमी विमा कंपनीने दिली. नसलेल्यांना माल सोडवायला रोख अनामत ठेवण्याची पाळी येते.

पाचवी पायरी: आता गाडी

इथपर्यंतच्या बेरजेनंतरही गाडी परवडत असेल तर मग तिच्या किमतीकडे वळा. ती कमी होण्याची एक कायदेशीर वाट इथेच आहे. निर्यात होणाऱ्या मालावर बहुतेक देश आपला विक्री कर ठेवत नाहीत. युरोपातला विक्रेता बऱ्याचदा कर अनामत म्हणून ठेवतो आणि गाडी बाहेर गेल्याचा पुरावा दिल्यावर परत करतो. जपानमध्ये १० टक्के उपभोग कराचा परतावा निर्यातदाराला मिळतो, त्यातलं तुम्हाला किती, हे बोलून ठरवावं लागतं. युरोपात विक्रेत्याने फक्त स्वतःच्या नफ्यावर कर भरण्याच्या योजनेखाली विकलेल्या जुन्या गाडीत मात्र परत मिळण्यासारखं काही नसतं. म्हणून दोन सारख्या गाड्यांपैकी वरवर महाग दिसणारी स्वस्त पडू शकते.

लिलावातून घेत असाल तर लिलावाची फी, दलालाची फी, बंदरापर्यंतची वाहतूक वेगवेगळी विचारा. जपानी लिलावाच्या तपासणी-कागदावर ‘आर’ असा शेरा असेल तर गाडी अपघातानंतर दुरुस्त झालेली आहे. भाषांतर दलालावर न सोडता दुसऱ्या कुणाकडून करून घ्या. मूळ देशातली नोंदणी रद्द झाल्याचा आणि निर्यातीचा दाखला मिळणार हे सौद्यातच लिहून घ्या, कारण त्यावाचून पहिल्या पायरीवरचं पासिंग होत नाही. गाडीवर कर्ज थकलेलं नाही ना, तेही तपासा. रेडिओसारखी बारीक गोष्ट राहूनच जाते: जपानी गाडीचा एफएम ७६ ते ९५ मेगाहर्ट्झ पकडतो, इतर बहुतेक देशांची केंद्रं ८७.५ ते १०८ मध्ये असतात. नकाशा जपानचा, सूचना जपानीत.

पैसे पाठवताना बँक तीन पर्याय देते: सगळा खर्च तुमचा, दोघांत वाटलेला, किंवा घेणाऱ्याचा. पहिला निवडा. नाहीतर मधली बँक आपलं शुल्क कापून घेते, विक्रेत्याकडे थोडी कमी रक्कम पोचते, आणि तेवढ्या किरकोळ फरकासाठी तो कागद रोखून धरतो. तोवर बोट निघालेली असते आणि तिसऱ्या पायरीवरचा मीटर जवळ येत असतो. खातं कंपनीच्या नावावर आहे आणि बिलावरच्या नावाशी जुळतं हे दोनदा बघा. खातं बदलल्याची ईमेल आली तर ईमेलला उत्तर न देता आधीपासून माहीत असलेल्या नंबरवर फोन करा. आणि पैसे पोचल्याची जी पावती येईल तिच्यावर गाडीचा चासी क्रमांक लिहून मागा.